हुद्दा वाढला, पगार तिथंच

मार्च-एप्रिल आला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूरच बदलतो. एरवी पीएफ, रजा, राजीनामा, नोटीस पिरियड असलं काहीबाही असतं, पण अप्रेझलच्या (वर्षाचं काम तोलून पगारवाढ ठरवायच्या) दिवसांत सगळ्यांना एकच पडलेलं असतं, त्याला किती मिळाले आणि मला किती. यावेळी म्हटलं त्यातलीच पत्रं घ्यावीत. गावाची नावं ठेवलीत, माणसांची आणि कंपन्यांची काढलीत, आणि लांबलचक पत्रं जरा कापलीत, राग मानू नका.

ताई, मी हिंजवडीत आयटी कंपनीत आहे, सहा वर्षं झाली. ऑक्टोबरमध्ये मला टीम लीड केलं, मेल आला, केक कापला, लिंक्डइनवर टाकलं, शंभर लोकांनी अभिनंदन केलं. पगार मात्र तोच. मॅनेजर म्हणतो "सायकलमध्ये बघू". आता माझ्याच टीममध्ये बाहेरून एक मुलगा आलाय, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी ज्युनियर, आणि त्याचं सीटीसी (वर्षाचं एकूण पॅकेज) माझ्यापेक्षा जास्त आहे हे कळलं. तेव्हापासून लॅपटॉप उघडायची इच्छा होत नाही. (हिंजवडी)

केक कापला म्हणजे कंपनीच्या हिशोबात बक्षीस देऊन झालं!

बरं, आता नीट बघू. तुमचं नक्की काय वाढलं ते आधी शोधा, डेजिग्नेशन की बँड. मोठ्या आयटी कंपन्यांत या दोन वेगळ्या गोष्टी असतात. टीम लीड हे प्रोजेक्टमधलं काम झालं, ते प्रोजेक्ट मॅनेजर एका मेलवर देऊ शकतो. पगार बांधलेला असतो बँडला, म्हणजे ग्रेडला, आणि बँड बदलायला एचआर, बजेट, वरची मंजुरी सगळं लागतं. ऑक्टोबरचा मेल परत उघडा आणि त्यात ग्रेडचा उल्लेख आहे का बघा. नसेल तर तुम्हाला प्रमोशन मिळालेलंच नाही, फक्त काम मिळालंय, आणि हे स्पष्ट झालं की पुढचं बोलणं सोपं होतं कारण मग "पगार वाढवा" असं न म्हणता "मी वरच्या बँडचं काम करतोय, बँड कधी होणार" असं विचारता येतं.

आता त्या नव्या मुलाचं. फ्रेशरचं पॅकेज आपल्याकडे दहा-पंधरा वर्षं साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतंय. तुम्ही साडेतीनवर लागलात आणि दरवर्षी आठ टक्के हाईक मिळाली असं धरलं, तर सहा वर्षांनी होतात साधारण साडेपाच लाख. तो मुलगा मात्र बाजारभावाने आलाय. आतल्या माणसाला टक्क्यांत वाढवायचं आणि बाहेरच्याला भावात घ्यायचं, ही रीतच आहे, त्यामुळे जुना आणि नवा यांच्यातलं अंतर आपोआप मिटतं आणि कधी उलटंही होतं. तुमचा अपमान करायला कोणी हे केलेलं नाही. पण म्हणून गप्प बसायचं असंही नाही.

तुमचं मन उडालं याचं मला जराही नवल वाटत नाही. कॅलिफोर्नियात सरकारी विद्यापीठातल्या सगळ्यांचे पगार एका वेबसाइटवर उघडे असतात, तिथे काही अर्थशास्त्रज्ञांनी काही कर्मचाऱ्यांना ती साइट मुद्दाम दाखवली आणि नंतर त्यांना प्रश्न विचारले (2012 साली ते छापून आलं). ज्यांचा पगार आपल्या विभागातल्या सहकाऱ्यांच्या मधल्या आकड्याखाली होता ते नाराज झाले, दुसरी नोकरी शोधायचं म्हणायला लागले. आणि जे वर होते? ते काही जास्त खूश झाले नाहीत. म्हणजे तिथे तरी पगार कळल्याने खालचे दुखावले, वरच्यांना आनंद काही झाला नाही.

मॅनेजरच्या "सायकलमध्ये बघू" ला मात्र भुलू नका. रेटिंग ठरतं ते तुमच्याशी बोलणं होण्याच्या आधी, नॉर्मलायझेशनच्या मीटिंगमध्ये, जिथे सगळे मॅनेजर आपापली यादी घेऊन बसतात आणि वरच्या रेटिंगचा कोटा ठरलेला असतो. मायक्रोसॉफ्टने ही सक्तीची क्रमवारी 2013 मध्ये सोडून दिली, बाकीही बऱ्याच जणांनी नाव बदललं, पण बजेट मर्यादित असलं की कोटा कुठल्या तरी दाराने परत येतोच. त्यामुळे बोलायचं ते मीटिंगच्या आधी, लेखी, आणि त्या मुलाच्या आकड्याचा उच्चार न करता. काय काय सांभाळताय ते पाच ओळीत लिहा, बँडची तारीख मागा. तारीख मिळाली नाही तर बाहेर दोन इंटरव्ह्यू द्या. आपल्याकडे हातात ऑफर लेटर असल्याशिवाय पगाराचं करेक्शन होत नाही, मला हे आवडत नाही पण आहे ते असं आहे.

मॅडम, चाकणला गाड्यांच्या पार्टच्या कंपनीत आहे, कंत्राटीमध्ये. असेंब्ली लाईनवर माझ्या शेजारी परमनंटचा माणूस उभा असतो, तोच टॉर्क गन, तेच काम, तोच टार्गेट. त्याच्या हातात साठच्या वर, माझ्या हातात सतरा. दर सात महिन्यांनी ब्रेक देतात, मग परत नवीन कार्ड. सुपरवायझर म्हणतो नीट काम कर म्हणजे पुढं घेतील. पाच वर्षं हेच ऐकतोय. (चाकण)

भाऊ, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. चाकण, तळेगाव, रांजणगाव, बुटीबोरी, वाळूज, कुठेही जा, गेटवर वेगवेगळ्या रंगाचे शर्ट दिसतात आणि शर्टावरून पगार कळतो. कॅन्टीनमध्येसुद्धा बऱ्याच ठिकाणी ताट वेगळं असतं.

सात महिन्यांचा ब्रेक का, ते आधी सांगते. आपल्याकडच्या स्थायी आदेशांत (कारखान्यातल्या नोकरीच्या नियमांत) सलग 240 दिवस भरले की तात्पुरत्या कामगाराला कायम करण्याची तरतूद होती. 240 दिवस म्हणजे आठ महिने. म्हणून सातव्या महिन्यात कार्ड बंद! आणि हे खेळ वर्षानुवर्षं करून माणसाला कायमपणाच्या हक्कांपासून लांब ठेवणं ही महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्यात अनुचित कामगार प्रथा म्हणून लिहिलेली आहे. कागद तुमच्या बाजूचा आहे. अडचण अशी की तुम्ही ठेकेदाराच्या मस्टरवर (हजेरीपटावर) आहात, कंपनीच्या नाही, त्यामुळे तुमचे दिवस कंपनीच्या नावावर मोजलेच जात नाहीत. 2001 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कंत्राट बंद झालं म्हणून कामगार आपोआप कंपनीचा होत नाही. पण त्याच निकालात एक वाट ठेवली, कंत्राट नावापुरतं असेल, म्हणजे हजेरी, काम, शिस्त सगळं कंपनीच बघत असेल, तर ते ठेवा बाजूला आणि कामगार कंपनीचाच माना असं कामगार न्यायालयात म्हणता येतं. म्हणून पुरावा महत्त्वाचा. तुमची रजा कोण मंजूर करतं? टार्गेट कोण देतं, शिफ्ट कोण बदलतं? ठेकेदाराचा माणूस महिन्यातून एकदा पगारपत्रकावर सही घ्यायला येतो आणि बाकी सगळं कंपनीचा इंजिनियर करतो ना? हे सगळं कागदावर ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवर शिफ्टचे मेसेज येतात ते डिलीट करू नका, गेटपास, कार्ड, पगाराच्या स्लिपा सगळं फाईलला लावा.

समान कामाला समान वेतन हे 2016 च्या जगजीत सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने तात्पुरत्या सरकारी कर्मचाऱ्यांबद्दल मान्य केलं, आणि कंत्राटी कामगारांच्या 1970 च्या कायद्याखालच्या नियमांतही तसं होतं, ठेकेदाराचा माणूस कंपनीच्या माणसासारखंच काम करत असेल तर वेतनही तेच. पण ते मिळवायला भांडावं लागतं, आणि एकट्याने भांडलात तर सातव्या महिन्यातला ब्रेक कायमचा होतो. हे मी घाबरवायला सांगत नाही. तुमच्यासारखे वीस-तीस जण एकत्र येऊन युनियनकडे किंवा कामगार वकिलाकडे जा. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या चार श्रम संहिता आल्यात, त्यात प्रत्येकाला नियुक्तीपत्र देणं बंधनकारक आहे आणि कंपनीच्या मूळ कामात कंत्राटी लावायला मनाई आहे (अपवाद भरपूर ठेवलेत हं). तुम्हाला नियुक्तीपत्र मिळालंय का? नसेल तर तिथूनच सुरुवात करा, ती मागणी साधी आहे आणि त्यावर कोणी चिडत नाही फारसं.

आणि "नीट काम कर, पुढं घेतील" याबद्दल. ओडिशात 378 कामगारांवर एक महिनाभर प्रयोग झाला होता, छोट्या उत्पादनाचं काम होतं. काही गटांत सगळ्यांना सारखी रोजंदारी, काही गटांत वेगवेगळी. जिथे वेगळी होती तिथे कमी मिळणाऱ्यांचं काम घटलं, हजेरीही घटली, आणि लोकांचं आपसात पटेनासं झालं. रोजंदारी बुडते हे माहीत असूनही माणसं आली नाहीत! पण जिथे जास्त मिळवणारा खरंच जास्त काम करतो हे सगळ्यांना डोळ्याने दिसत होतं, तिथे काही बिघडलं नाही. माणूस वर-खाली सहन करतो, कारण दिसलं तर. तुमच्या लाईनवर शेजारच्याला साडेतीनपट का, याचं डोळ्याला दिसणारं कारण एकही नाही, तो आधी लागला एवढंच.

एक विचारायचं राहिलं. ब्रेकनंतर परत घ्यायला सुपरवायझर पैसे मागतो का? बऱ्याच पत्रांत तो उल्लेख असतो. मुंबईच्या गिरण्यांत जॉबर (मुकादम) हेच करायचा, बदलीवाल्याला (गैरहजर माणसाच्या जागी येणाऱ्याला) कामावर उभं करायचं की नाही ते त्याच्या हातात, मग दस्तुरी (त्याचा हप्ता), मग नातेवाईक, गाववाले. 1931 च्या कामगारांबद्दलच्या रॉयल कमिशनच्या अहवालात ते सगळं नोंदलंय. शंभर वर्षं होत आली.

आमच्या स्टार्टअपमध्ये कोणी कोणाला सर-मॅडम म्हणत नाही, फाउंडरला पण नावाने हाक मारतो, केबिन नाही, सगळे एका टेबलावर. तरी मला वाटतं इथे वरिष्ठ-कनिष्ठ आहेच. मी जास्त विचार करतेय का? (बाणेर)

नाही, बरोबर विचार करतेय. हाक कशी मारतात ते सोड आणि तीन गोष्टी बघ, सगळ्यांचा पगार कोणाला माहीत आहे, शेअर कोणाला मिळालेत आणि रविवारी रात्री मेसेज आला की उत्तर द्यावंच लागतं असा माणूस कोण. उतरंड तिथे कळते. शिडी लिहिलेली नसली की ती चढायची कशी हेही लिहिलेलं नसतं, मग फाउंडरबरोबर चहाला कोण जातं त्यावर बढत्या होतात. माझ्या मते लिहिलेली शिडी परवडली. आता दहा जण असाल तर ठीक, तीस झालात की फाउंडरला म्हण, लेव्हल लिहून काढ बाबा.

नमस्कार. आमचं शिरोलीला छोटं मशीन शॉप आहे, चाळीस माणसं. आमच्याकडे व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) जॉब लावून देणारा एक सेटर होता, हाताला सोनं असा माणूस. गेल्या दिवाळीला त्याला सुपरवायझर केला, पाच हजार वाढवले. तेव्हापासून रिजेक्शन वाढलंय, पोरं त्याचं ऐकत नाहीत, तो पण चिडचिड करतो, दोनदा न सांगता घरी राहिला. काढावा म्हटलं तर मन होत नाही, परत मशीनवर पाठवावा तर त्याची इज्जत जाते. काय करू? (कोल्हापूर)

तुम्ही एका फटक्यात दोन माणसं घालवलीत, उत्तम सेटर गेला आणि सुपरवायझर मिळाला नाही. हे तुमच्या एकट्याचं नाही, याला जगात पीटर प्रिन्सिपल म्हणतात, माणूस चांगलं काम करतो म्हणून वर, परत चांगलं करतो म्हणून अजून वर, आणि जिथे जमत नाही त्या खुर्चीवर येऊन थांबतो. अमेरिकेत सेल्सच्या माणसांवर याचा मोठा अभ्यास झाला, 2019 मध्ये आला तो. जो सेल्समन जास्त विकतो त्याला मॅनेजर करायची शक्यता जास्त, आणि तोच मॅनेजर झाल्यावर त्याच्या हाताखालच्यांची विक्री खाली. कंपन्यांना हे कळत नाही असं नाही. वर न्यायचं आश्वासन नसेल तर खालची माणसं झटून काम का करतील, अशी त्यांना भीती असते. 1981 मध्ये लेझिअर आणि रोझेन या दोघांनी हेच गणितात मांडलं होतं, वरच्या हुद्द्याचा पगार मोठा असतो तो त्या कामाच्या किमतीमुळेच असं नाही, खालच्यांनी त्याच्याकडे बघून धावावं म्हणूनही असतो. कुस्तीच्या मैदानात मानाची गदा असते तसं. कोल्हापूरकरांना हे जास्त सांगायला नको.

आता तुमचा माणूस. मी पिंपरीला पर्सनलमध्ये होते (तेव्हा एचआर म्हणायची पद्धत नव्हती), तिथे असे सुपरवायझर ओळखायची सोपी खूण होती. शिफ्ट सुरू झाली की ते मशीनजवळ घुटमळायचे. पोरगं फिक्श्चर बसवतंय, जरा चुकतंय, की हे त्याच्या हातातला पाना घेऊन स्वतः बसवायचे, झिरो स्वतः घ्यायचे, पोरगं शेजारी हात बांधून उभं. त्याला काही शिकायला मिळत नाही, वर राग येतो, आणि तिकडे बाकीच्या पाच मशीनकडे बघायला कोणी नाही. इन्सर्ट संपलाय, रिपोर्ट लिहिलेला नाही, गॅसवाला आलाय, कोणीतरी अर्ध्या दिवसाची रजा मागतोय. हे दुसरं काम आहे. त्याला माणसं, कागद, वेळ यांची सवय लागते आणि तुमच्या माणसाला आवड आहे ती मायक्रॉनची. तुमच्याकडेही असंच चालत असणार, उद्या सकाळी जाऊन बघा.

त्याला खाली पाठवू नका, बाजूला न्या. एक नवीन जागा काढा, मास्टर सेटर म्हणा, टूल रूम इन्चार्ज म्हणा, नाव त्याला विचारून ठेवा. पगार सुपरवायझरएवढाच, पाच हजार काढायचे नाहीत, उलट दोन वाढवा. नवीन जॉबचं सेटिंग, फिक्श्चर, ट्रायल आणि दोन पोरांना तयार करणं हे त्याचं काम. सही करायला, हजेरी घ्यायला दुसरा माणूस बघा, तो सेटिंगमध्ये मध्यम असला तरी चालेल, पोरांशी बोलणारा हवा. आणि सगळ्यांसमोर सांगताना "याला सुपरवायझरकी जमली नाही" असा वास येऊ देऊ नका. टेबल त्याला वेगळं द्या. हसू नका, टेबलाला फार महत्त्व असतं, मी टेबलावरून झालेले राजीनामे बघितलेत.

खर्च परवडेल का, असं तुम्ही म्हणाल. रिजेक्शनचे तुकडे भंगारात किती गेले त्याचा महिन्याचा हिशोब काढा आणि मग बोलू.

मी ठाण्यात फायनान्स कंपनीत असिस्टंट मॅनेजर. सहा महिने मॅटर्निटी लीव्हवर होते. परत आले तर रेटिंग एक पायरी खाली, आणि माझ्या बरोबरचे दोघे मॅनेजर झाले. बॉस गोड बोलून म्हणाला, "तू वर्षभर नव्हतीस ना, पुढच्या वर्षी नक्की." कायदा काही म्हणतो का? (ठाणे)

म्हणतो. 1961 च्या प्रसूती लाभ कायद्यात, 2017 पासून पहिल्या दोन मुलांना 26 आठवडे रजा आहे आणि रजेवर असताना बाईच्या नोकरीच्या अटी तिच्या तोट्याच्या होतील अशा बदलता येत नाहीत (हेच आता नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत आलंय). पण रेटिंग खाली आणणं हे त्यात बसतं का यावर वाद घालता येतो आणि कंपन्या तो घालतात. म्हणून आधी एचआरला एकच प्रश्न मेलवर विचारा, मी जे महिने काम केलं त्या महिन्यांवर माझं रेटिंग काढलं की बारा महिन्यांवर? बारावर काढलं असेल तर ते लेखी कबूल करायला कोणी तयार होत नाही, आणि बऱ्याचदा इथेच गाडी वळते.

बॉसला "वर्षभर नव्हतीस" म्हणू देऊ नका. सहा महिने होतात ते.

आता जरा वेगळं बोलते. 2023 चं अर्थशास्त्राचं नोबेल क्लॉडिया गोल्डिन बाईंना मिळालं, त्यांचं बरंचसं काम बायकांच्या नोकरी-पगारावर आहे. त्यांचं म्हणणं असं की आजकाल स्त्री-पुरुष पगारातला मोठा फरक सुरू होतो मूल झाल्यावर, आणि त्याचं कारण म्हणजे काही नोकऱ्यांत जो चोवीस तास हाकेला ओ देतो त्याला तासांच्या मानाने फार जास्त पैसे मिळतात. वरच्या खुर्च्या बहुतेक तशाच असतात. उलट अमेरिकेतल्या फार्मासिस्टांचं त्यांनी उदाहरण दिलंय, तिथे एकीचं काम दुसरी सहज पुढे चालवू शकते, नोंदी कॉम्प्युटरवर आहेत, गिऱ्हाईक अडत नाही, तर तिथे हा फरक बराच कमी आहे. तुमच्या डिपार्टमेंटला मॅनेजर होण्यासाठी खरंच रात्री साडेनऊचा कॉल लागतो का, की बॉसला घरी जायचं नसतं म्हणून तो असतो? मला दुसरं वाटतं. पण तुम्ही तिथे बसता, तुम्हाला जास्त माहीत.

मी सरकारी बँकेत क्लार्क, 2006 पासून. साताऱ्यातच आहे. यावर्षी ऑफिसरच्या प्रमोशनला बसा म्हणून सगळे मागे लागलेत. बायको झेडपी शाळेत शिक्षिका, मुलगी दहावीत, आई आजारी. क्लार्क म्हणून सहाला घरी येतो. प्रमोशन नाकारलं तर लोक म्हणतात याच्यात धमक नाही. काय करावं? (सातारा)

लोकांचं सोडा दादा, त्यांना तुमच्या आईला दवाखान्यात न्यायचं नाहीये.

पैशाचं आधी बघू. 8 मार्च 2024 च्या बाराव्या द्विपक्षीय करारात क्लार्कचं मूळ वेतन 24,050 पासून 64,480 पर्यंत, आणि स्केल वन ऑफिसरचं 48,480 ते 85,920. कागदावर उडी मोठी दिसते. पण तुम्ही 2006 चे, स्केलच्या वरच्या टोकाला आलेले आहात, आणि ऑफिसर झाल्यावर 48,480 पासून सुरुवात होत नाही, फिटमेंटने तुमच्या आताच्या बेसिकच्या जवळचा टप्पा मिळतो. म्हणजे हातात पहिल्या महिन्याला पडणारा फरक तुम्हाला वाटतो तेवढा नाही. आणि क्लार्कला कामाचे तास असतात, जास्त बसलात तर ओव्हरटाइम मागता येतो, ऑफिसरला ते नाही, ब्रँच बंद होईपर्यंत तुम्हीच.

फायदा पुढे आहे. स्केल टू, स्केल थ्री, आणि तुम्ही एप्रिल 2010 च्या आधीचे म्हणजे जुन्या पेन्शनचे, ती शेवटच्या दहा महिन्यांच्या सरासरी वेतनावर निघते. पुढची पंधरा वर्षं नोकरी असेल तर हा फरक मोठा होतो. नोकरी सात-आठ वर्षं उरली असेल तर मग बदलीच्या बदल्यात काय मिळतं ते कागद घेऊन मांडा. वय तुम्ही लिहिलं नाहीत.

बदली मात्र नक्की. प्रमोशनबरोबर बहुतेक बँकांत दुसरा झोन, कधी दुसरं राज्य. बायकोची बदली झेडपीत तुमच्यामागे होणार नाही. मुलगी दहावीत आहे, म्हणजे यंदा नाहीच, आणि मग बारावी. मी तुमच्या जागी असते तर यंदा बसले नसते आणि मुलीची बारावी झाल्यावर पुन्हा विचार केला असता. फक्त तुमच्या बँकेचा नियम वाचा, काही ठिकाणी निवड झाल्यावर प्रमोशन नाकारलं तर पुढची काही वर्षं बसता येत नाही, त्यामुळे परीक्षा देऊन नाकारण्यापेक्षा अर्जच न करणं बरं. मधल्या काळात जेएआयआयबी, सीएआयआयबी (बँकवाल्यांच्या परीक्षा) राहिली असेल तर करून घ्या, त्याची वाढ आत्ताही मिळते आणि पुढे वाट मोकळी राहते.

आणि धमकेचं म्हणाल तर सहाला घरी यायला आजकाल फार धमक लागते.

जिल्हा परिषदेत कनिष्ठ सहायक, 2003 ला अनुकंपावर लागलो. दहा वर्षांचा, वीस वर्षांचा लाभ मिळाला, पगार बरा आहे. पण टेबल तेच, वरिष्ठ सहायक काही होईना. नवीन आलेले साहेब पोराच्या वयाचे. काम करावंसं वाटत नाही, कोणी विचारत पण नाही. (नांदेड)

पगार मिळतोय तरी मन का लागत नाही, असं तुम्हीच स्वतःला विचारत असाल. लंडनच्या सरकारी नोकरांवरचा, मायकेल मार्मट यांच्या मंडळींनी मांडलेला एक जुना अभ्यास आहे, 1967 पासूनचा, सुमारे अठरा हजार पुरुष कर्मचारी. त्यातला कोणीच उपाशी नव्हता, सगळ्यांना पक्की नोकरी, पेन्शन. तरी सगळ्यात खालच्या श्रेणीतल्या शिपाई-दरवानांचं मृत्यूचं प्रमाण सगळ्यात वरच्या साहेबांच्या तिप्पट निघालं, आणि सिगारेट, ब्लडप्रेशर सगळं हिशोबात धरूनही तो फरक पुरता सुटेना. नंतरच्या अभ्यासात जे वारंवार दिसलं ते असं की आपल्या कामावर आपला ताबा किती, स्वतः ठरवण्यासारखं हातात काही आहे का, यावर बरंच अवलंबून असतं. तुम्हाला आश्वासित प्रगतीचे (बढती नसली तरी दहा, वीस, तीस वर्षांनी मिळणाऱ्या वाढीचे) पैसे मिळाले, ताबा नाही मिळाला. 10-20-30 ची योजना पदच रिकामं होत नाही म्हणून आली, ती पगाराचा तुंबा काढते, टेबलाचा नाही.

आता करण्यासारखं. सेवाज्येष्ठता यादीत तुमचा नंबर कितवा आहे ते लेखी मागा, माहितीच्या अधिकारात मागितलं तरी चालेल. वरिष्ठ सहायकाच्या किती जागा रिक्त आहेत, बिंदुनामावली (आरक्षणाप्रमाणे पदांचा तक्ता) शेवटची कधी तपासली, पदोन्नती समितीची बैठक कधी झाली, हे पण. बऱ्याच ठिकाणी जागा असतात आणि बैठकच होत नाही. गोपनीय अहवालही बघून घ्या. 2008 च्या देव दत्त निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की अहवालातला प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे, चांगला असो की वाईट. कुठल्या तरी वर्षी "बरा" लिहून ठेवलेलं असतं आणि ते समितीपुढेच कळतं. आणि पदोन्नती आलीच तर गाव लांब पडतं म्हणून नाकारू नका, पुढचा तीस वर्षांचा लाभ त्यात अडकू शकतो.

पोराच्या वयाच्या साहेबांना एक दिवस स्वतःहून सांगून बघा, अमुक टेबलाचं काम मी बघतो, माझ्या सहीने जाऊ द्या. आस्थापनेचं (कर्मचाऱ्यांच्या नेमणुका-बदल्यांचं) टेबल मागा, तिथल्या जुन्या फाइली तुमच्याइतक्या कोणाला माहीत नसणार. नाही म्हणाले तर पुढच्या महिन्यात परत मागा, आणि मला कळवा काय झालं ते.